रिबेकाताईंचा भोपळा

“कर सही,” म्हणत शमशोनदादानं फॉर्म माझ्या बशीशेजारी ठेवला. पेनही स्वतःचंच, टोपण काढून.

मी अजून चहा गाळत होते. दादा माझा थोरला भाऊ. सगळी नोकरी बँकेत कॅशियरच्या पिंजऱ्यात काढलेला, नोट नुसती बोटाला लागली की खरी का खोटी ते सांगणारा. असा माणूस सकाळी सकाळी बिनअंघोळीचा बहिणीच्या दारात उभा राहतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे कुणी सांगायला लागत नाही. काखेत वर्तमानपत्र होतं आणि पहिल्या पानावर डोक्याला हात लावून बसलेल्या दलालांचा फोटो होता. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि आपल्याकडचा शेअर बाजार धडाधड कोसळला, त्या वर्षीची ही गोष्ट.

“निम्मे गेलेत, तबू,” दादा म्हणाला. “उरलेले तरी काढ. एफडीत टाकू. उद्या हेही राहायचे नाहीत.”

मी तबीथा अमोलिक. प्रवरेकाठच्या आमच्या गावात मिशनचा दवाखाना आहे, तिथे मी मेट्रन होते. निवृत्त झाल्यावर फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे जे काही मिळाले, त्यातून आधी पाच गुंठे जागा घेतली आणि बाकीचे सगळे म्युच्युअल फंडात टाकले. कुणाच्या नादी लागून नाही, बरं का. सहा महिने वाचून, चार जणांना प्रश्न विचारून विचारून वीट आणून मगच टाकले होते. आमच्या चर्चच्या मंडळीत तेव्हाही कुजबुज झाली होती की विश्वासणाऱ्या बाईनं सट्ट्यात पैसे घालावेत का. मी म्हटलं, दवाखान्यात मी माणसं जगवली, आता पैसे जगवून बघते.

ते पैसे कशासाठी होते ते सांगते. आमच्या दवाखान्यात लग्न न केलेल्या नर्सेसची एक अख्खी पिढी होती. राहायला क्वार्टर, जेवायला मेस, मरेपर्यंत काम. पण निवृत्त झालं की क्वार्टर सोडायची. मग अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केलेली बाई पत्र्याची ट्रंक घेऊन भाच्या-पुतण्याच्या ओट्यावर जाऊन पडायची. रिबेकाताई बनसोडे त्यातल्याच. माझ्याहून वयानं मोठ्या, पण हाताखाली काम केलेलं, म्हणून मला शेवटपर्यंत मेट्रनच म्हणायच्या. त्या पुतण्याकडे राहत होत्या. पुतण्या शिंपी. शिलाई मशीनच्या मागे जो बोळ होता त्यात ताईंची खाट, आणि दाराच्या जागी जुन्या चादरीचा पडदा. येणारा-जाणारा पडदा सारून न्हाणीघराकडे जायचा.

माझ्या मनात होतं, त्या पाच गुंठ्यांत अशा बायांसाठी घर बांधायचं. आणखी दोघी निवृत्त व्हायला पाच-सहा वर्षं होती, तेव्हा बांधायचं, म्हणून तोवर पैसे वाढायला ठेवले होते. सगळ्याजणींना विचारलं होतं, तुम्हाला काय काय हवं. कुणी देवघराएवढी का होईना प्रार्थनेची जागा म्हणालं, कुणी गरम पाणी. रिबेकाताई म्हणाल्या, “मला एकच द्या. आतून कडी लागेल अशी खोली.”

तर दादाचा फॉर्म, फंडातले पैसे काढायचा. मी म्हटलं, परवा उपकारस्तुतीचा सण आहे, तो होऊ दे, सोमवारी बघू. तो चिडला. दर दिवशी भाव पडतोय आणि हिला सण सुचतोय. वहिनींनी नंतर सांगितलं की घरी जाऊन त्यानं माझ्या नावानं चांगलाच शंख केला. करू दे. लहानपणी विहिरीत पडले होते तेव्हा यानंच मला बाहेर काढलं होतं, तेव्हापासून तो मला बाहेरच काढत असतो.

पण खरं सांगू का? दादासमोर ताठ बसले, तरी आतून मी पुरती घाबरले होते. बाजार पडायला लागल्यापासून जेवण जाईना. प्रार्थनेला बसले की डोळ्यांपुढे आकडे नाचायचे. शेवटी त्याच संध्याकाळी चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं. तरुण होते, पण माणूस मिस्किल. विचारलं, बाजार वर यावा म्हणून प्रार्थना केली तर चालेल का? ते म्हणाले, “करा की. पण तिकडे स्वस्तात घ्यायला टपलेला एखादा विश्वासणारा बाजार अजून पडावा म्हणून करत असेल. देवानं कुणाचं ऐकायचं?” मला आधी राग आला, मग हसू आलं. मग ते हळूच म्हणाले, “मेट्रनबाई, प्रभूनं भाकर मागायला शिकवलंय. भाव मागायला नाही.”

हे ऐकायला छान होतं. पण माझी भाकर सुटली होती ती भावापायीच. आणि मला टोचत होतं ते पैशाचं नव्हतं, रिबेकाताईंना मी काहीच सांगितलं नव्हतं त्याचं. बाई बिचारी कडीच्या आशेवर बसलीय आणि मी गप्प. म्हणून शनिवारी दुपारी उठले आणि तडक त्यांच्याकडे गेले.

ताई मागच्या अंगणात होत्या. न्हाणीच्या सांडपाण्यावर त्यांनी लाल भोपळ्याचा वेल लावला होता, तो पत्र्यावर चढवला होता. दर वर्षी त्यातला सगळ्यात मोठा भोपळा सणाला चर्चमध्ये जायचा. यंदाच्यानंही चांगलं बाळसं धरलं होतं. त्याच्या बुडाखाली त्या वाळलेलं गवत सारत होत्या.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ताई, घराचे पैसे निम्मे झालेत. दादा म्हणतो काढून घे. काढले तर घर होत नाही, फार तर दोन खोल्या उठतील. नाही काढले तर कदाचित त्याही नाहीत.

ताईंनी आधी विचारलं, जागा आहे ना? म्हटलं, जागा आहे. मग त्यांनी हात झटकले आणि माझ्याकडे बघितलं.

“मेट्रन, तुम्ही कुणासाठी भिताय? माझ्यासाठी?”

“तुमच्यासाठी नाहीतर कुणासाठी? मला डोक्यावर छप्पर आहे.”

“मग माझ्यासाठी भिऊ नका. मला सांभाळायचं काम तुमच्या फंडाला कुणी दिलंय? ज्याचं आहे तो करतोय, जन्मल्यापासून करतोय.” त्या पत्र्याला टेकून बसल्या. “घर झालं तर कडी लावून त्याची स्तुती करीन. नाही झालं तर पडद्याआड करीन, आता करते तशी. पण पैसे काढा नाहीतर ठेवा, भिऊन काही करू नका. थरथरत्या हातानं दिलेलं इंजेक्शन कधी नीट बसलंय का?”

मला एकदम रडू आलं. वॉर्डात माणूस गेलं तरी न रडणारी मी, न्हाणीशेजारच्या चिखलात उभी राहून रडले, आणि ताईंनी पदरानं माझं तोंड पुसलं, गवताचं कुसळ माझ्या गालाला लावत. घरी आले, वरण-भात केला, पोटभर जेवले आणि दुपारची आडवी झाले ती दिवेलागणीला उठले. किती दिवसांनी अशी झोप लागली होती. घर झालं काय आणि न झालं काय, ताई माझ्या जिवावर जगत नव्हत्या. मीही नव्हते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी ते अंगात उतरलं.

तरी फॉर्म होताच. भीती गेली म्हणून काय करायचं ते कळलं असं होत नाही. सही करायची का नाही, दोन्ही बाजू मला सारख्याच दिसत होत्या.

रविवारी सण. आमच्या मंडळीत उपकारस्तुतीचा सण म्हणजे बघण्यासारखा. शेतातलं पहिलं पीक, घरातलं काय असेल ते प्रभूपुढे आणायचं. चर्चच्या खांबांना ऊस बांधलेले, वेदीपुढे बाजरीची पोती, अंड्यांच्या टोपल्या, पाय बांधलेले कोंबडे मध्येच उपदेशाला आरवून साथ देतात. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव. आलेला पैसा मंडळीच्या कामाला. लिलाव पुकारायचं काम माझं, कारण माझा आवाज बाळंतिणीच्या वॉर्डातून गेटपर्यंत पोचायचा. आणि आमची एक रीत आहे. जो बोली जिंकतो तो पैसे भरतो, पण मनात आलं तर वस्तू परत टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, पुन्हा प्रभूला. मग तिचा पुन्हा लिलाव. असा एकेक नारळ चार-चारदा फिरतो. रिबेकाताईंचा भोपळा नेहमी शेवटी ठेवायचा, कारण तो फिरला की लोकांना रंग चढायचा. आदल्या वर्षी तो हजारांवर गेला होता आणि शेवटी कंत्राटदार ओबेद गोर्डेनं मिरवत नेला होता.

त्या वर्षी सगळ्यांचे खिसे शिवल्यासारखे. मास्तर लोकांनी, ओबेदनं, बऱ्याच जणांनी शेअरमध्ये घातले होते आणि ज्यांनी घातले नव्हते तेही नुसत्या बातम्यांनी गारठले होते. कोंबडे बाजारभावाला गेले. बाजरी त्याहून कमी. मग मी भोपळा उचलून टेबलावर ठेवला. चांगला जड, माझ्याच्यानं धड उचलेना.

कुणीतरी वीस म्हटलं. कुणी तीस. मग ओढूनताणून चाळीस. आणि बोली थांबली.

“मेट्रनबाई,” मागून ओबेद म्हणाला, “यंदा भोपळ्याचाही बाजार पडलाय. सोडून टाका.”

सगळे हसले. रिबेकाताईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. मला नाही हसू आलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या बाईनं वर्षभर बादलीनं सांडपाणी घालून, बुडाला गवत सारून तो वाढवला होता.

“एक वार,” मी पुकारलं. “दोन वार.”

तिसरा वार तोंडातून निघेना. पुढच्या खुर्चीवर दादा बसला होता. त्याच्या खिशात तेच पेन होतं. मंडळीचे खजिनदार म्हणाले, बाई, रीतीप्रमाणे तीन वार म्हणायला पाहिजे, बोली लागलीय.

“थांबा,” मी म्हटलं. “आधी मला सांगा, भोपळा मागच्या वर्षीपेक्षा लहान आहे का? उचलून बघा कुणीही. वेल तोच, बी तेच, हात त्याच बाईचे. मग कमी काय झालंय? घेणाऱ्यांचा जीव कमी झालाय. तुम्ही आज घाबरलेले आहात, त्याला भोपळा काय करणार?”

मी सुटलेच होते.

“ही मेथीची जुडी असती, कोथिंबीर असती, तर मी चाळीसला काय चारला दिली असती, कारण संध्याकाळी ती सडली असती. हा भोपळा आहे. आज कापायची गरज नाही, आज विकायची गरज नाही. हा टिकतो. मी हा नाताळपर्यंत ठेवीन, पण घाबरलेल्या माणसाच्या भावाला देणार नाही.”

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. भोपळ्यावर हात तसाच राहिला. समोर दादा एकटक माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यालाही ऐकू आलंय.

खजिनदार पाळकसाहेबांकडे वळले. पाळकसाहेब म्हणाले, वस्तू प्रभूची आहे, तो काही घाईत नाही, राहू द्या. मग त्यांनी स्वतःच भोपळा उचलला, धापा टाकत नेला आणि चर्चच्या खिडकीत ठेवला.

सोमवारी दादा आला. मी फॉर्मची घडी घालून वर त्याचं पेन ठेवून तयारच होते. सही केली नव्हती.

“दादा, ही कोथिंबीर नाही. माझं पोट पेन्शनवर चालतं. आजारपणाचे वेगळे काढलेत. या पैशाला पाच वर्षं हात लावायचा नाही असं ठरवूनच टाकले होते. उद्याच लागणार असते, तर तू म्हणायच्या आधी काढले असते.”

“आणि सडलाच तुझा भोपळा तर?”

“तर सडला. रिबेकाताईंना मी शनिवारीच सांगून आलेय.”

दादा बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला. हात थरथरत नव्हता. सांगायला मला आजही अभिमान वाटतो, अजिबात थरथरत नव्हता. तो चहा न घेता गेला.

बाजार त्यानंतरही पडतच राहिला, हेही सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल की देवानं सोमवारी माझं ऐकलं आणि मंगळवारी भाव वर आले. तसं काही झालं नाही. मी मात्र जेवत होते, झोपत होते, गायनमंडळात मोठ्यानं गात होते, आणि खिडकीत भोपळा बसून होता. दर रविवारी उपासनेला येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे एकदा बघायचा. पोरं त्याला दादाच्या माघारी शमशोन म्हणायला लागली होती, बायबलातला पहिलवान तो.

नाताळच्या उपासनेनंतर मी तो बाहेर काढला. एवढासा डाग नव्हता, उलट रंग आणखी चढला होता. पहिली बोली ओबेदची. एकशे एक. त्यानं एकाच कंपनीत उधारीचे पैसे घातले होते, ती कंपनी काही पुन्हा वर आली नाही आणि त्याला ट्रॅक्टर विकावा लागला. एकशे एक त्याच्यासाठी सोपे नव्हते. पण त्यानं सुरुवात केली आणि लोकांचा बांध फुटल्यासारखं झालं. पुन्हा प्रभूला, पुन्हा प्रभूला, करत भोपळा इतक्यांदा फिरला की माझा घसा बसला. शेवटची बोली दादाची होती. किती ते सांगत नाही, त्यानं वहिनींनाही सांगितलेलं नाही.

तो टेबलापाशी आला, पैसे भरले आणि म्हणाला, “पुन्हा प्रभूला. सगळ्यांनी वाटून खा. बिया तेवढ्या माझ्या.”

पुढच्या पावसाळ्यात मी माझ्या पाच गुंठ्यांवर गवत काढायला गेले, तर कुंपणाकडेनं भोपळ्याचे वेल पसरलेले. ते आळी करून, खत घालून लावलेले होते. दादानं तोंडानं कधी कबूल केलं नाही. मीही विचारलं नाही.

घर झालं. ठरल्यापेक्षा एक वर्ष उशिरा झालं, पण पुरं झालं, पाच खोल्या, ओटा, गरम पाणी. बाजार सावरला होता आणि माझ्या पैशानं घातल्यापेक्षा बरंच जास्त दिलं. बांधकाम ओबेदनं केलं, मजुरीवर एक पैसा नफा न लावता. आता कुणी म्हणालं की बाईंचा विश्वास मोठा म्हणून पैसे वाढले, तर मी त्याला ओबेदचं घर दाखवते. त्याचा विश्वास माझ्यापेक्षा तसूभर कमी नव्हता, कधीच नव्हता. त्याचे बुडाले, माझे तरले. मी अभिमान बाळगते तो वाढलेल्या पैशाचा नाही. त्या शनिवारी, निम्मे गेलेले असताना, मी सुखानं वरण-भात खाऊ शकत होते, त्याचा बाळगते.

घर उघडलं त्या दिवशी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि रिबेकाताई ट्रंक घेऊन आल्या. ट्रंक उचलायला पुतण्या आला होता, पण त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. ओट्यावरून सरळ आपल्या खोलीत गेल्या. आम्ही बाहेर उभे होतो. दार लागलं. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग कडी निघाली, आणि पुन्हा लागली.

दादानं स्वतः चहा केला होता, तो ट्रे घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. चहा निवायला लागला तशी मी दारावर टकटक केली. ताई नर्स होत्या. उभ्या आयुष्यात त्यांच्या दारावर कुणी टकटक केली नव्हती. क्वार्टरमध्ये असताना वॉर्डातून लोक हाका मारत यायचे आणि पुतण्याकडे पडदा सारून.

“कोण आहे?” आतून आवाज आला. घरधनिणीचा आवाज.

“मी, मेट्रन. दादानं चहा आणलाय.”

“थांबा जरा,” रिबेकाताई म्हणाल्या.

आणि आम्ही थांबलो, मी आणि माझा कॅशियर भाऊ, हातात ट्रे घेऊन, ताई दार उघडेपर्यंत.